अवयवदानात सक्ती कुणावर करायची?

२०२३ साली भारतात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०१३ साली, हा आकडा पाच हजारांच्या आत होता, हे ध्यानात घेतले तर प्रगती मोठीच म्हणावी लागेल. परंतु या अठरा हजारांपैकी पंधरा हजारांहून अधिक अवयव जिवंत माणसांनी दिलेले होते. मृत्यूनंतर ज्यांचे अवयव मिळाले अशा व्यक्ती त्या वर्षी सबंध देशात मिळून अकराशेच्या आसपास होत्या. दर दहा लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे पन्नासच्या जवळ जाते.

जिवंत दात्यांमध्ये सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या, आणि अवयव घेणाऱ्यांमध्ये मात्र पुरुष बहुसंख्य असतात. नवऱ्याला बायको किडनी देते, मुलाला आई देते, वडिलांना यकृताचा तुकडा मुलगी देते. उलट दिशेने होणारे दान पुष्कळच कमी. कायद्याच्या दृष्टीने यातल्या प्रत्येकीची संमती स्वेच्छेची असते, समितीसमोर तिची मुलाखत होते, त्या मुलाखतीचे चित्रीकरणही होते. तथापि सासरची माणसे बाहेरच्या बाकावर बसलेली असताना, आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास चालणारे नवऱ्याचे डायलिसिस थांबवायला दुसरा मार्ग दिसत नसताना दिलेल्या होकाराला कितपत स्वेच्छा म्हणावे, हे कुठल्याही अर्जात विचारलेले नसते. मृतांकडून अवयव मिळत नाहीत याची किंमत आपल्याकडे मुख्यतः घरातली बाई चुकवते. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने, म्हणजे 'नोटो'ने, २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रतीक्षा यादीत स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे राज्यांना सुचवले, त्यामागे हेच वास्तव आहे. मृतदेहाच्या पावित्र्याविषयी बोलणाऱ्याने या जिवंत देहांचाही हिशेब मांडला पाहिजे.

या टंचाईवर उपाय म्हणून दोन सूचना वारंवार केल्या जातात. पहिली सरळ सक्तीची: मृत्यूनंतर उपयोगी पडण्याजोगे अवयव समाजाच्या मालकीचे मानावेत आणि कुणालाही न विचारता काढून घ्यावेत. दुसरी गृहीत संमतीची: ज्याने हयातीत नकार नोंदवलेला नाही त्याचा होकारच आहे असे कायद्याने समजावे. माझ्या मते यातली पहिली सूचना तत्त्वतःच चुकीची आहे. दुसरी तत्त्वतः चुकीची नाही, परंतु आजच्या भारतात ती राबवली तर अवयव वाढणार नाहीत आणि आहे तो विश्वास मात्र जाईल. सक्तीची गरज आहे, हे मला मान्य आहे. मात्र ती नागरिकावर करण्यापूर्वी रुग्णालयांवर आणि शासनावर करावी लागेल.

सक्तीचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हॅरिस यांनी तो अनेक वर्षे नेटाने मांडला. मृताला वेदना नाहीत, त्याचे काही नुकसान होत नाही, दुसऱ्या बाजूला मरू घातलेला रुग्ण आहे. मग जाळून किंवा पुरून टाकायच्या वस्तूसाठी परवानगी कसली मागायची, असा त्याचा गाभा आहे. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर शासन नातेवाइकांना न विचारता शवविच्छेदन करतेच, म्हणजे मृतदेहावर शासनाचा हक्क आपण आधीच मान्य केलेला आहे, असेही त्याला जोडून सांगितले जाते. या युक्तिवादाला भावनिक उत्तर देऊन भागणार नाही. माझे उत्तर असे आहे की शवविच्छेदन हे त्या मृताला न्याय मिळावा म्हणून असते. तो कसा मेला, कुणी मारला का, हे त्याच्याच वतीने शोधले जाते. अवयव काढणे हे दुसऱ्याच्या हितासाठी असते. ते हित कितीही मोठे असले तरी त्यासाठी देह वापरायचा तर त्याला काहीतरी विचारलेले असावे लागते. मृतदेहालाही प्रतिष्ठा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९९५ साली मान्य केले आहे, आणि स्वतःच्या देहाविषयीचा निर्णय हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे हे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर वेगळे सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. व्यवहाराची अडचण तर आणखी मोठी आहे. डॉक्टरांना मारहाण होऊ नये म्हणून महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या महाराष्ट्रात रडणाऱ्या आईला बाजूला सारून मुलाचे हृदय काढायला कोणता शल्यविशारद धजावेल, याचा विचार सक्तीवाद्यांनी केलेला दिसत नाही.

गृहीत संमतीची बाजू अधिक सौम्य आहे आणि म्हणून अधिक मोहक. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोघांचा २००३ साली 'सायन्स'मध्ये आलेला छोटा लेख तिचा मोठा आधार समजला जातो. जर्मनीत अवयवदानाची संमती दिलेल्यांचे प्रमाण १२ टक्के होते आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ते जवळजवळ शंभर टक्के. दोन्हीकडची भाषा एक, संस्कृतीही बरीचशी एक, आणि फरक एवढाच की एका देशात होकार नोंदवावा लागत होता, दुसऱ्यात नकार. माणसे आळशी असतात, समोर आलेला कागद आहे तसा ठेवतात. तेव्हा कागदच चांगल्या बाजूने झुकलेला असू द्या, हा निष्कर्ष तेव्हापासून जगभर फिरतो आहे. पण ते आकडे कागदावरच्या संमतीचे होते, प्रत्यक्षात काढलेल्या अवयवांचे नव्हते, आणि जवळजवळ शंभर टक्के ऑस्ट्रियन नागरिक दाते आहेत याचा अर्थ त्यांच्यापैकी कुणी या विषयाचा विचार केला आहे असा होत नाही.

प्रत्यक्षात काय होते हे पाहायचे तर स्पेनकडे वळावे लागते, कारण गृहीत संमतीच्या समर्थनार्थ त्याच देशाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. स्पेनने गृहीत संमतीचा कायदा १९७९ साली केला. त्यानंतरची दहा वर्षे तिथे विशेष काहीच घडले नाही. १९८९ साली दात्यांचे प्रमाण दहा लाखांमागे १४ होते. त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि तिची सूत्रे राफाएल मातेसान्झ या मूत्रपिंडतज्ज्ञाकडे आली. त्यांनी कायद्याला हात लावला नाही. रुग्णालयारुग्णालयांत प्रत्यारोपण समन्वयक नेमले, आणि हे समन्वयक बहुतांशी त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टर होते, म्हणजे मरणाच्या दारातला रुग्ण ज्यांना बाहेरून कुणी कळवावा लागत नाही असे. अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक मृत्यूची तपासणी सुरू झाली: हा रुग्ण दाता होऊ शकला असता का, नसेल झाला तर कुठे अडले. नातेवाइकांशी कसे बोलावे याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. आणि संमती कायद्याने गृहीत असली तरी स्पेनमध्ये प्रत्येक कुटुंबाला विचारले जाते. कुटुंब नाही म्हणाले तर अवयव घेतले जात नाहीत. आमच्या यशाचे श्रेय कायद्याला देऊ नका, हे खुद्द मातेसान्झ पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. तरीही आपल्याकडच्या चर्चांतून स्पेनचा कायदा तेवढा उचलला जातो, समन्वयक मागे राहतात. कायदा करायला पैसे लागत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

इंग्लंडने मे २०२० मध्ये गृहीत संमती स्वीकारली. त्याआधी वेल्सने डिसेंबर २०१५ मध्ये ती स्वीकारली होती. इंग्लंडमध्ये काळ करोनाचा होता हे मान्य करूनही हे सांगावे लागते की त्यानंतर नातेवाइकांच्या होकाराचे प्रमाण वाढले नाही, उलट काहीसे घसरले. त्या आकड्यांतली एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार बोलकी आहे. मृत व्यक्तीने स्वतः हयातीत नाव नोंदवलेले असेल तर सुमारे नव्वद टक्के कुटुंबे होकार देतात. संमती केवळ गृहीत असेल तेव्हा हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. माणूस गप्प राहिला म्हणजे त्याला मान्य होते, हे संसदेला पटले. त्याच्या बायकोला मात्र पटत नाही.

ब्राझीलने १९९७ साली गृहीत संमतीचा कायदा केला. नकार हवा असेल तर ओळखपत्रावर तशी नोंद करून घ्यायची होती, आणि लोकांनी ती करून घेण्यासाठी गर्दी केली. सरकार आपले अवयव काढून घेणार, आणि ते श्रीमंतांना देणार, ही भीती गरीब वस्त्यांतून पसरली. १९९८ संपायच्या आत कायदा मागे घ्यावा लागला. सिंगापूरने १९८७ पासून ही पद्धत नेटाने राबवली आहे, नकार देणाऱ्याला प्रतीक्षा यादीत खालचे स्थान मिळते, आणि तिथली शासनव्यवस्था जगात कार्यक्षम म्हणून ओळखली जाते. तिथेही २००७ साली एका मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या, रुग्णाचे नातेवाईक आणखी थोडे थांबा म्हणून रुग्णालयात गुडघे टेकून विनवणी करत होते आणि देह शस्त्रक्रियागृहात नेला जात होता, या बातमीने तो देश हादरला होता.

आता आपल्याकडे नेमके कुठे अडते ते पाहू. मृत्यूनंतर अवयव देता येतात असे आपण सरसकट म्हणतो, पण घरी अंथरुणावर मेलेल्या माणसाची किडनी किंवा यकृत आपल्याकडच्या व्यवस्थेत उपयोगी पडत नाही. त्याचे डोळे घेता येतात, तेही पाच-सहा तासांच्या आत. त्वचा घेता येते. किडनी, यकृत, हृदय, फुप्फुसे मिळतात ती जवळजवळ केवळ मेंदूमृत रुग्णांकडून, म्हणजे अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना ज्यांच्या मेंदूचे काम कायमचे थांबले आहे पण हृदय अजून चालू आहे अशांकडून. डोक्याला मार लागलेला मोटरसायकलस्वार, मेंदूत रक्तस्राव झालेली पन्नाशीची बाई, असे हे रुग्ण असतात. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली बरीचशी जागीच किंवा वाटेत जातात आणि दाते होऊ शकत नाहीत, हे खरेच. तरीही त्या आकड्यापुढे अकराशे दाते ठेवले की हिशेबात कुठेतरी मोठे भगदाड आहे हे दिसते.

ते भगदाड अतिदक्षता विभागात आहे. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाने चाचण्या करायच्या असतात आणि किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा करायच्या असतात. बुबुळावर प्रकाश टाकून पाहतात, डोळ्याला कापसाचे टोक लावून पाहतात, कानात गार पाणी सोडून डोळे हलतात का बघतात. शेवटी श्वासाची चाचणी: व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून प्राणवायू चालू ठेवायचा, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत असताना छाती एकदा तरी आपणहून हलते का, हे उघड्या छातीकडे टक लावून पाहायचे. ती हलली नाही, दुसऱ्या वेळीही हलली नाही, की माणूस मेला. मग व्हेंटिलेटर पुन्हा जोडलेला असतो, छाती वर-खाली होत असते, हात गरम असतो, मॉनिटरवर ठोके उमटत असतात, लघवीच्या पिशवीत लघवी साचत असते, आणि अशा वेळी काचेबाहेर उभ्या असलेल्या भावाला सांगायचे असते की तो गेला.

हे सांगणे कुणाला नको असते. जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयाला यातून मिळण्यासारखे काही नसते. चार डॉक्टर जमवायचे, अपघाताची केस असेल तर पोलिसांशी बोलायचे, पंचनामा आणि शवविच्छेदनाची सांगड घालायची, नातेवाइकांचा संशय अंगावर घ्यायचा, आणि खाटही अडून राहते. म्हणून मेंदूमृत्यू तपासलाच जात नाही. रुग्णाची अवस्था गंभीर आहे असे दोन दिवस सांगितले जाते आणि हृदय थांबले की मृत्यूचा दाखला दिला जातो. त्या कुटुंबाला अवयवदानाविषयी कुणी विचारलेलेच नसते. त्यांनी होकार दिला नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या पुढाकाराने झाला आणि सर्वप्रथम इथेच लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीने नातेवाइकांना विचारणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरवले, आणि जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयांनाही अवयव काढण्याचे केंद्र होता येईल अशी सोय केली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. तरीही अवयवदानाच्या आणि ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या येतात त्या प्रामुख्याने याच शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतून. २०२३ साली राज्यात दीडशेच्या आसपास दाते मिळाले. तेलंगणाने, लोकसंख्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असताना, अडीचशे मिळवले. तेलंगणात गृहीत संमतीचा वेगळा कायदा नाही. तिथेही हाच देश आहे आणि हीच श्रद्धा आहे.

याहून गंभीर गोष्ट मृत्यूच्या व्याख्येची आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे. प्रत्यारोपणाच्या कायद्यात मेंदूमृत्यू हाही मृत्यू. परिणाम असा की एकाच खाटेवरच्या एकाच रुग्णाचे नातेवाईक दानाला हो म्हणाले तर तो मृत ठरतो, आणि नाही म्हणाले तर व्यवहारात तो जिवंत राहतो. व्हेंटिलेटर चालू, औषधे चालू, बिल चालू. ज्याला हे कळते त्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा की अवयव हवे आहेत म्हणून याला मेलेला म्हणताहेत. या शंकेला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. ती शंका कायद्याच्या रचनेतूनच जन्माला येते. केरळने जानेवारी २०२० मध्ये मेंदूमृत्यू ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे अवयवदानापासून वेगळी करून काढली. मृत्यू हा मृत्यू म्हणून जाहीर व्हावा, दान हा त्यानंतरचा आणि वेगळा प्रश्न असावा, हे तत्त्व देशभर लागू व्हायला हवे. गृहीत संमतीचा कायदा आज केला तर ही दोन टोके आणखी घट्ट बांधली जातील: मेंदूमृत्यू जाहीर झाला की अवयव गेलेच, असे समीकरण होईल आणि नातेवाईक मेंदूमृत्यूच्या चाचण्यांनाच विरोध करू लागतील.

आपल्या कायद्यात गृहीत संमती मुळीच नाही, असेही नाही. ज्या मृतदेहावर ४८ तासांत जवळच्या नातेवाइकांनी हक्क सांगितला नाही, असा रुग्णालयातला किंवा तुरुंगातला देह असेल तर तिथल्या प्रमुखाला अवयव काढण्याची परवानगी देता येते. शवविच्छेदनासाठी आलेल्या देहाबाबतही, मृताने हयातीत विरोध दर्शवला नव्हता एवढी खात्री करून, तशी परवानगी देता येते. ही कलमे मूळ कायद्यात १९९४ पासून आहेत. देह ४८ तास पडून राहिल्यावर त्यातली किडनी कुणाच्या कामाची, हा भाग सोडा. मुद्दा असा की आपल्या कायद्याने संमती गृहीत धरली ती बेवारस आणि बंदिवान माणसाची. शरीररचनाशास्त्राच्या १९४९ च्या मुंबई कायद्यानेही वैद्यकीय महाविद्यालयांना देह दिले ते बेवारसांचेच. ज्याच्यामागे विचारणारे कुणी नाही त्याचा होकार समजायचा, ही आपली परंपरा आहे, आणि गृहीत संमतीची व्याप्ती वाढवण्यापूर्वी तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

कारण नकार नोंदवण्याची सोय असणे आणि ती वापरता येणे यांत भारतात मोठे अंतर असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची शासनाने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक जणी ऐन तिशीत होत्या. रुग्णालयांच्या कपाटांत या शस्त्रक्रियांचे संमतिपत्र अंगठ्यानिशी, सहीनिशी सापडेल. तिथे तर संमती गृहीतसुद्धा धरलेली नव्हती, लेखी घेतलेली होती. ती शुद्धीवर असताना, समोर बसलेली असताना जिच्या संमतीचे हे झाले, तिने ऑनलाइन नोंदवहीत नकार दिला नाही म्हणून ती मेल्यावर तिला सारे मान्य होते असे समजणे ही क्रूर थट्टा होईल. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कारखान्याच्या पालावर राहणाऱ्या माणसाला असा काही कायदा झाला आहे हे कोण सांगणार, आणि नकाराचा अर्ज तो कुठल्या खिडकीवर देणार?

महाराष्ट्राने सक्तीचा प्रयोग एकदा केलेला आहे. १९७६ साली, आणीबाणीत, कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालून सक्तीच्या नसबंदीची तरतूद करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. पण त्या दोन वर्षांत देशभर जे घडले त्याने कुटुंब नियोजनाचा चांगला चाललेला कार्यक्रम पुढे कित्येक वर्षे मागे गेला, आणि पुरुष नसबंदीकडे लोकांनी जी पाठ फिरवली ती आजतागायत. हेतू चांगला होता, आकडे निकडीचे होते, तज्ज्ञ पाठीशी होते. आज अवयवदानाच्या बाबतीत हे तिन्ही आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

विश्वास किती लवकर जातो याचे ताजे उदाहरण केरळचे आहे. तिथला मरणोत्तर अवयवदानाचा कार्यक्रम २०१२ साली सुरू झाला आणि भराभर वाढला. २०१६ साली सत्तरच्या वर दाते होते. त्यानंतर मेंदूमृत्यूच्या प्रामाणिकपणाविषयी जाहीर आरोप झाले, प्रकरणे न्यायालयात गेली, आणि २०१८ साली दात्यांची संख्या दहाच्या आत आली. देशातल्या सर्वांत साक्षर राज्यांपैकी एक, चांगली सरकारी आरोग्यसेवा, आणि तरीही दोन वर्षांत ही घसरण. विश्वास ढासळला त्याच्याच पाठोपाठ केरळने २०२० ची ती मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे इथे आठवावे.

अविश्वासाला आणखी एक कारण आहे आणि ते उघड बोलले जात नाही. आपल्याकडची बहुसंख्य प्रत्यारोपणे खासगी रुग्णालयांत होतात आणि त्यांचा खर्च लाखांत असतो. पुढे जन्मभर घ्यायच्या औषधांचा वेगळा. देणारा सरकारी दवाखान्याच्या खाटेवरचा, आणि घेणारा लाखो रुपये भरू शकणारा, हे चित्र पुष्कळदा खरे असते. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मद्रासच्या विल्लिवाक्कम वस्तीला लोक 'किडनीवाक्कम' म्हणत, आणि १९९४ चा कायदा त्या बाजारामुळेच करावा लागला. ज्याला अवयव मिळण्याची शक्यता नाही त्याच्यावर तो देण्याचे कर्तव्य लादणे न्याय्य कसे ठरेल? ससून, केईएम, नागपूरचे मेडिकल अशा सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत प्रत्यारोपणे पुरेशा संख्येने आणि परवडणाऱ्या खर्चात होऊ लागली, तर गृहीत संमतीची चर्चा आजच्यापेक्षा बऱ्या पायावर करता येईल.

तोवर सक्ती करायची ती अशी. अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला, ते प्रत्यारोपण करत असो वा नसो, मेंदूमृत्यूची चिन्हे दिसणाऱ्या प्रत्येक रुग्णाची चाचणी करणे आणि निकाल विभागीय केंद्राला कळवणे बंधनकारक असावे, आणि न कळवल्यास नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी त्याचा जाब द्यावा लागावा. तामिळनाडूने २००८ पासून शासकीय आदेशांच्या बळावर या दिशेने काम केले आणि आपला कार्यक्रम उभा केला. मेंदूमृत्यू जाहीर झाल्याच्या क्षणापासून अतिदक्षता विभागाचे बिल कुटुंबाच्या नावावर चढता कामा नये, त्यांचे दानाविषयीचे उत्तर काहीही असो. संमतीनंतरचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेऊ नये, असा नियम आजही आहे. मी मागतो आहे ते त्याच्या आधीच्या तासांविषयी, जेव्हा नातेवाइकांना एका हातात बिल आणि दुसऱ्या हातात संमतीचा अर्ज दिला जातो. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण वेळ, पगारी, प्रशिक्षित समन्वयक हवा. आज हे काम बऱ्याच ठिकाणी समाजसेवा अधीक्षकाच्या इतर दहा कामांत अकरावे म्हणून टाकलेले असते. आणि किती मेंदूमृत्यू झाले, किती कुटुंबांना विचारले, किती हो म्हणाले, हे रुग्णालयनिहाय दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याची जुनी वहिवाट केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये मोडली आणि त्यात अवयवदानाचा खास उल्लेख केला. अशा एका परिपत्रकाने जेवढे साधते तेवढे भव्य कायद्याने कधी कधी साधत नाही.

राहिला प्रश्न ज्याने हयातीत स्वतः होकार दिला आहे त्याचा. आपल्या कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर दिलेली अशी संमती पुरेशी आहे. प्रत्यक्षात कुटुंब नाही म्हणाले की रुग्णालय माघार घेते, आणि या परिस्थितीत दुसरे काही करावे असे मीही म्हणणार नाही. पण विचारण्याची रीत बदलता येते. आज समन्वयक विचारतो, तुमची काय इच्छा आहे. त्याच्या हातात मृताने भरलेला अर्ज असेल तर त्याला सांगता येईल की त्यांची इच्छा अशी होती. ओझे कुटुंबाच्या खांद्यावरून बरेचसे उतरते, आणि इंग्लंडमधला नव्वद टक्क्यांचा आकडा येतो तो याच संभाषणातून.

यासाठी नोंदणी योग्य माणसांची व्हायला हवी. आपल्याकडे देहदानाचे आणि अवयवदानाचे अर्ज ज्येष्ठ नागरिक संघांत, व्याख्यानमालांत उत्साहाने भरले जातात. नानाजी देशमुखांनी २०१० साली स्वतःचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला, त्यासारखी उदाहरणे देहदानाच्या चळवळीला बळ देतात, आणि ते योग्यच आहे. पण देहदानाचा देह शरीररचनाशास्त्र विभागात जातो. त्यातून कुणाला किडनी मिळत नाही. ज्यांच्या संमतीची खरी निकड आहे तो पंचविशीतला दुचाकीस्वार या सभांना येत नाही. तो येतो आरटीओत. वाहन परवान्याच्या अर्जात अवयवदानाची इच्छा विचारणारी जागा आहे, पण आपल्याकडे तो अर्ज बहुतेक वेळा एजंट भरतो, आणि आपण तिथे हो लिहिले की नाही, हे परवानाधारकाला स्वतःलाच माहीत नसते. होकार गृहीत धरणारा कायदा उद्या झाला तर नकाराच्या चौकटीचेही हेच होईल. शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणकावर होते, उमेदवाराला ती स्वतः द्यावी लागते, आणि सिग्नलच्या दिव्यांवरचे प्रश्न जिथे येतात तिथेच हाही प्रश्न त्याला विचारता येईल: हो, नाही, किंवा अजून ठरवले नाही, यांतले काहीही निवडण्याची मुभा ठेवून, पण उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा रीतीने. उत्तर 'नोटो'च्या आधार-जोडणी असलेल्या नोंदवहीत जावे, आणि त्याची एक प्रत त्याने स्वतः निवडलेल्या घरच्या एका माणसाच्या मोबाइलवर त्याच दिवशी पोहोचावी.